‘हम लोग’चा निरोप आणि चंडीगडच्या ८९२ सह्या

दूरदर्शनवरील ‘हम लोग’ या मालिकेने १७ डिसेंबर १९८५ रोजी प्रेक्षकांचा निरोप घेतला. सतरा महिन्यांच्या काळात या मालिकेला देशभरातून चार लाखांहून अधिक पत्रे आली. बडकीचे लग्न लावा, दादीला वाचवा, मझलीला घरी परत आणा, अशा विनवण्यांनी ती भरलेली होती. या ढिगात चंडीगडमधील एका युवक मंडळाचेही पत्र होते. त्यात कथानकाविषयी कोणतीही मागणी नव्हती. मालिका पाहून प्रेरणा मिळाली आणि ८९२ जणांकडून मरणोत्तर नेत्रदानाच्या संकल्पपत्रांवर सह्या घेतल्या, एवढेच मंडळाने कळविले होते.

कौटुंबिक मालिकेचा शेवट कसा व्हावा, याविषयी प्रेक्षक एवढे आग्रही का असतात? त्यांच्या आग्रहापुढे लेखकाने किती नमावे? आणि मालिका संपल्यानंतर या भावनांचे पुढे काय होते? प्रत्येक लोकप्रिय मालिकेच्या अखेरच्या आठवड्यांत हे प्रश्न नव्याने विचारले जातात. त्यांची उत्तरे शोधताना भारतातील या पहिल्या मोठ्या कौटुंबिक मालिकेकडे वळावे लागते.

मेक्सिकोतून आलेली कल्पना

‘हम लोग’चा उगम भारतातील नाही. मेक्सिकोतील निर्माते मिगेल साबिदो यांनी १९७० च्या दशकात एक वेगळा प्रयोग केला. रोज पाहिल्या जाणाऱ्या कौटुंबिक मालिकांच्या कथानकात त्यांनी सामाजिक संदेश गुंफला. १९७५ मधील त्यांच्या मालिकेचा विषय प्रौढ साक्षरता, तर १९७७ मधील मालिकेचा विषय कुटुंबनियोजन होता. साबिदो यांच्या मांडणीत तीन प्रकारची पात्रे असत. काही पात्रे अनुकरणीय, काही त्याज्य आणि काही या दोहोंच्या मध्ये हेलकावे खाणारी. सामान्य प्रेक्षक स्वतःला या तिसऱ्या गटात पाहतो आणि त्या पात्रासोबत स्वतःही हळूहळू बदलतो, असे या पद्धतीचे गृहीतक होते.

विदर्भातील ज्येष्ठ नेते व तत्कालीन माहिती व प्रसारणमंत्री वसंत साठे यांच्या १९८२ मधील मेक्सिको भेटीनंतर ही कल्पना भारतात आली, असे सांगितले जाते. त्याच वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणीचे युग सुरू झाले होते आणि पुढील दोन वर्षांत दूरदर्शनच्या प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने विस्तारले. या विस्तारलेल्या पडद्यासाठी मालिका लिहिण्याची जबाबदारी हिंदीतील लेखक मनोहर श्याम जोशी यांच्यावर सोपविण्यात आली. दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचे होते, तर संगीत अनिल विश्वास यांचे.

७ जुलै १९८४ रोजी पहिला भाग प्रसारित झाला. कथा होती निम्नमध्यमवर्गीय कुटुंबाची. दारूच्या आहारी गेलेला बसेसर राम, निमूटपणे सोसणारी त्याची पत्नी भागवंती, लल्लू व नन्हे हे मुलगे, बडकी, मझली व छुटकी या मुली आणि घरातील वृद्ध दादा-दादी. नोकरीसाठी वणवण फिरणारा लल्लू, क्रिकेटची स्वप्ने पाहणारा नन्हे, चित्रपटात जाण्याच्या ओढीने मुंबई गाठणारी मझली आणि डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी यांच्यात त्या काळच्या असंख्य घरांना आपलीच माणसे दिसली.

तेरा भागांनंतरचे वळण

या मालिकेवर प्रेक्षकांची पहिली प्रतिक्रिया मात्र नाराजीची होती. आरंभीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश उघडपणे करण्यात आला होता. दिवसभराच्या कामानंतर दूरचित्रवाणी संचासमोर बसलेल्या कुटुंबांना तो रुचला नाही. या नापसंतीची दखल घेऊन कुटुंबनियोजनाचा सूर सौम्य करण्यात आला. घरातील नाती, स्त्रीचे स्थान, हुंडा, व्यसन, बेकारी असे विषय पुढे आले आणि पात्रांच्या सुखदुःखाला अधिक जागा मिळाली. त्यानंतर मालिकेने जी पकड घेतली, ती अखेरपर्यंत सुटली नाही.

हे वळण शक्य झाले, कारण मालिका प्रसारित होत असतानाच तिचे पुढील भाग लिहिले व चित्रित केले जात होते. चित्रपट प्रदर्शित झाला की त्यात बदल करणे अवघड असते. नाटकाचा प्रयोग प्रेक्षकांच्या प्रतिसादाने थोडाफार बदलतो, पण संहिता तीच राहते. मालिकेचा शेवट मात्र ती सुरू असताना लिहिला गेलेलाच नसतो. आपले पत्र वेळेत पोहोचले तर कथा बदलू शकते, हे प्रेक्षकांनी फार लवकर ओळखले.

प्रत्येक भागाच्या शेवटी ज्येष्ठ अभिनेते अशोक कुमार पडद्यावर येत. अर्ध्या-पाऊण मिनिटात ते कथानकावर भाष्य करीत, प्रेक्षकांना प्रश्न विचारीत आणि ‘हम लोग’ हे शब्द भारतातील निरनिराळ्या भाषांत उच्चारून निरोप घेत. त्यांच्या या घरगुती संवादाने पत्रलेखनाला मोठे प्रोत्साहन मिळाले. विवाहाच्या बाबतीत आपल्या आईवडिलांची समजूत घाला, अशी विनंती करणारी तरुण मुलामुलींची पत्रेही त्यांना येत असत. घरातील वडीलधाऱ्याकडे जे बोलता येत नव्हते, ते पडद्यावरील वडीलधाऱ्याला लिहून कळविण्यात येत होते.

बडकीचे लग्न, दादीचे आजारपण

प्रेक्षकांच्या भावनिक गुंतवणुकीची दोन उदाहरणे विशेष बोलकी आहेत. पहिले बडकीच्या विवाहाचे. घरातील थोरली मुलगी बडकी समाजकार्यात रमलेली असते. डॉक्टर अश्विनीकुमारशी तिचे सूर जुळतात, परंतु विवाहाचा निर्णय दीर्घकाळ लांबत जातो. या काळात दोघांनी आता विलंब न करता लग्न करावे, असा सल्ला देणारी पत्रे व तारा आल्या. अखेर ज्या दिवशी हा विवाह पडद्यावर झाला, त्या दिवशी उत्तर भारतात अनेक ठिकाणी दुकाने लवकर बंद झाली, असे या मालिकेच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. जणू गल्लीतीलच एका मुलीचे लग्न होते आणि वऱ्हाडी म्हणून सर्वांना जायचे होते.

दुसरे उदाहरण दादीचे. अभिनेत्री सुषमा सेठ यांनी ही भूमिका केली, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठलेली नव्हती. मझलीच्या भूमिकेतील दिव्या सेठ ही त्यांची खरीखुरी कन्या. कथानकात दादीला कर्करोग होतो आणि त्यातच तिचा अंत होणार, अशी आखणी होती. परंतु खमक्या स्वभावाच्या, प्रेमळ आणि प्रसंगी सर्वांना धारेवर धरणाऱ्या या आजीला प्रेक्षक सोडायला तयार नव्हते. दादीला मारू नका, अशी विनंती करणाऱ्या पत्रांचा ओघ सुरू झाला आणि लेखकाला कथानकाचे वळण बदलावे लागले.

यात एक पेच आहे. कर्करोगाविषयी जागृती करणे हाही अशा कथानकाचा हेतू असतो. आजार गंभीर आहे आणि त्यात माणसे जातात, हे सांगायचे तर पात्राचा मृत्यू दाखवावा लागतो. प्रेक्षकांच्या प्रेमाखातर मृत्यू टाळला, तर वास्तवाची धार बोथट होते. आणि मृत्यू दाखवला, तर लाखो घरांत सुतक आल्यासारखी स्थिती होते. लेखकाचे सत्य आणि प्रेक्षकांचे प्रेम यांतील हा झगडा त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या मालिकेला करावा लागला.

भागवंतीचा अनपेक्षित धडा

‘हम लोग’चा परिणाम तपासण्यासाठी अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संज्ञापनशास्त्राच्या अभ्यासकांनी सविस्तर संशोधन केले. त्यांनी १,१७० प्रौढ व्यक्तींची पाहणी केली आणि प्रेक्षकांच्या पत्रांतून ५०० पत्रे निवडून त्यांचा अभ्यास केला. स्त्रियांना समान संधी मिळायला हवी, स्वतःच्या आयुष्याचे निर्णय त्यांना घेता यावेत आणि कुटुंब मर्यादित असावे, या गोष्टी मालिकेतून शिकल्याचे सुमारे ७० टक्के प्रेक्षकांनी सांगितले.

याच संशोधनातून पुढे आलेली दुसरी बाब निर्मात्यांना विचार करायला लावणारी होती. सर्व अन्याय मुकाट्याने सोसणारी भागवंती हे पात्र ‘असे वागू नये’ हे दाखविण्यासाठी रचले होते. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांना, त्यातही काही स्त्रियांना, ती आदर्श पत्नी व माता वाटली. तिच्या सोशिकपणाविषयी त्यांच्या मनात करुणा होती आणि आदरही. ज्या पात्राकडून सावध व्हायचे, त्याच पात्रापुढे हात जोडले गेले.

प्रेक्षक मालिकेतून काय उचलतील, हे लेखकाच्या हाती नसते, हा त्याचा अर्थ. स्वतःचे आयुष्य, घरातील रीत आणि आईच्या आठवणी यांच्या प्रकाशात प्रत्येक जण कथा वाचतो. त्यामुळे शेवटच्या भागांवरील प्रतिक्रिया परस्परविरोधी असतात. एका घरात जी तडजोड शहाणपणाची वाटते, तीच शेजारच्या घरात अन्यायाची ठरते.

गुंतवणूक होते कशी?

पात्रे काल्पनिक आहेत, हे पत्र लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय? बहुतेकांना ते नीट ठाऊक होते. तरीही ओढ खरी होती. माध्यमांच्या अभ्यासात या नात्याला एकतर्फी आप्तसंबंध म्हणता येईल असे स्थान आहे. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी ही संकल्पना प्रथम मांडली. ठराविक वेळी, ठराविक खोलीत, घरातील सर्वांच्या साक्षीने भेटणारी व्यक्ती मनाला ओळखीची वाटू लागते. ती आपल्याला ओळखत नाही, याने आपल्या बाजूचा जिव्हाळा कमी होत नाही.

कौटुंबिक मालिकेत हा जिव्हाळा अधिक घट्ट होतो, कारण तिचा काळ प्रेक्षकांच्या काळासोबत चालतो. पडद्यावर दिवाळी येते तेव्हा घरातही दिवाळी असते. चित्रपटातील नायकाची ओळख तीन तासांची असते, तर मालिकेतील आजी वर्ष-दीड वर्ष घरात वावरते. तिच्या जाण्याने दिवसाच्या वेळापत्रकात खरोखरच पोकळी पडते. मालिका संपताना होणारे दुःख हे अंशतः कथेचे असते आणि अंशतः मोडलेल्या नित्यक्रमाचे.

हा अनुभव दूरचित्रवाणीपेक्षा जुना आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा अंत घडविला, तेव्हा वाचकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली होती. पुढे १९०३ मध्ये होम्स जिवंत असल्याची कथा डॉयल यांना लिहावी लागली.

चंडीगडमधील सह्या

या पार्श्वभूमीवर चंडीगडच्या पत्राचे वेगळेपण लक्षात येते. ‘हम लोग’च्या कथानकात एक पोलिस निरीक्षक दृष्टी गमावतो आणि त्या अनुषंगाने नेत्रदानाचा विषय पुढे येतो. प्रेक्षकांनी या पात्राविषयी हळहळ व्यक्त करणे स्वाभाविक होते. चंडीगडमधील तरुण हळहळीपाशी थांबले नाहीत. कल्पित पात्राला दृष्टी मिळावी, अशी प्रार्थना करण्याऐवजी त्यांनी खऱ्या माणसांच्या दारावर थाप दिली आणि ८९२ सह्या मिळविल्या.

तो काळही ध्यानात घ्यायला हवा. पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेला हा केंद्रशासित प्रदेश तेव्हा अशांततेच्या छायेत होता. जून १९८४ मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिर परिसरात लष्करी कारवाई झाली. त्यानंतर महिनाभरातच ‘हम लोग’ सुरू झाली. २४ जुलै १९८५ रोजी झालेल्या राजीव गांधी-लोंगोवाल करारात चंडीगड २६ जानेवारी १९८६ रोजी पंजाबकडे सोपविण्याची तरतूद होती. ती अंमलात आली नाही. शहर कोणाचे, हा वाद पेटलेला असताना, मृत्यूनंतर आपले डोळे कोणाही अनोळखी व्यक्तीला द्यावेत, यासाठी याच शहरातील तरुण सह्या गोळा करीत होते.

नेत्रदानात संपूर्ण डोळ्याचे प्रत्यारोपण होत नाही. डोळ्याच्या पुढील भागातील पारदर्शक पटल, म्हणजे बुबुळपटल, तेवढे बसविले जाते. जखम, संसर्ग किंवा अन्य कारणाने हे पटल पांढुरके झाल्यास दृष्टी जाते, आणि निरोगी पटल बसविल्यास ती परत येऊ शकते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. या प्रक्रियेला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही आणि चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असलेल्या किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीलाही नेत्रदान करता येते. एका दात्यामुळे दोन व्यक्तींना दृष्टी मिळू शकते.

‘हम लोग’ दाखविली जात होती त्याच १९८५ साली देशात राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा पाळण्यास सुरुवात झाली. आजही २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात तो पाळला जातो. चंडीगडमधील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजेच ‘पीजीआय’, ही उत्तर भारतातील नेत्रोपचारांचे मोठे केंद्र असून तेथे नेत्रपेढी कार्यरत आहे.

मात्र सही म्हणजे दान नव्हे. संकल्पपत्र भरल्यानंतरही, मृत्यूच्या वेळी घरच्यांनी नेत्रपेढीला वेळेत कळविले आणि संमती दिली, तरच संकल्प पूर्ण होतो. दुःखाच्या त्या घडीला कपाटातील कागदाची आठवण कोणाला होत नाही. म्हणून नेत्रदानाच्या चळवळीत काम करणारे कार्यकर्ते सही करणाऱ्याला नेहमी एकच सांगतात, की हा निर्णय घरात बोलून ठेवा. घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहिलेल्या मालिकेतून हा विषय निघाला, याचे महत्त्व येथे आहे. एरवी मृत्यूविषयी बोलणे अशुभ मानणाऱ्या कुटुंबांत त्या संध्याकाळी ते बोलणे निघू शकले.

पत्रांपासून टीआरपीपर्यंत

पुढील काळात प्रतिक्रियांचे माध्यम बदलले. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेत मिहीर विराणी या नायकाचा मृत्यू दाखविण्यात आला, तेव्हा प्रेक्षकांत खळबळ उडाली आणि अखेर मिहीर परतला. या वेळी पत्रांच्या जोडीला दर आठवड्याची प्रेक्षकसंख्येची आकडेवारी, म्हणजेच टीआरपी, निर्णायक ठरू लागली होती.

मराठी प्रेक्षकांनाही हा अनुभव नवा नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतील जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले, की त्यावरील विनोद घरोघरी पोहोचले. प्रेक्षकांची ती नाराजी होती आणि माहेरपणाला आलेल्या लेकीची काळजीही. ‘तुला पाहते रे’ २०१९ मध्ये संपली, तेव्हा ज्या विक्रांत सरंजामेवर प्रेक्षकांनी आधी जीव लावला, तोच खलनायक ठरल्याचे अनेकांना पचनी पडले नाही. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ या काळात चाललेल्या ‘आई कुठे काय करते’मध्ये अरुंधतीला उतारवयात लाभलेला जोडीदार आशुतोष याचा अपघाती मृत्यू दाखविण्यात आला, तेव्हा समाजमाध्यमांवर संताप उमटला. सोसून झालेल्या स्त्रीला मिळालेले सुख पुन्हा का हिरावता, असा प्रश्न विचारण्यात आला. भागवंतीच्या सोशिकपणाला हात जोडणाऱ्या पिढीनंतर हा प्रश्न विचारणारी पिढी आली, हाही एक बदलच आहे.

चंडीगडचे स्थानही बदलले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘उडारियां’सारख्या मालिकांचे चित्रीकरण चंडीगड व परिसरात झाले. कधीकाळी पत्रे पाठविणारे हे शहर आता मालिका घडविणारेही झाले आहे.

पत्र आणि आकडा यांत एक मूलभूत फरक आहे. कोणत्या भागाला किती जणांनी पाहिले, हे आकडा सांगतो. त्यांनी तो रागाने पाहिला की प्रेमाने, हे तो सांगत नाही. समाजमाध्यमावरील प्रतिक्रिया काही क्षणांत उमटते आणि तितक्याच वेगाने मागे पडते. पत्र लिहिणाऱ्याला मात्र कागद घेऊन बसावे लागे, आपल्याला नेमके काय वाटते हे ठरवावे लागे आणि टपालपेटीपर्यंत चालत जावे लागे.

शेवटानंतर काय उरते?

मालिकेचा शेवट लेखकाचा की प्रेक्षकांचा, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. प्रेक्षकांचे ऐकले म्हणून ‘हम लोग’ तेरा भागांनंतर तगली. प्रेक्षकांचे ऐकले म्हणूनच दादीचा ठरलेला शेवट लांबणीवर पडला. भागवंतीबाबत मात्र प्रेक्षकांनी लेखकाचे ऐकले नाही. या तिन्ही गोष्टी एकाच मालिकेत घडल्या.

‘हम लोग’नंतर मनोहर श्याम जोशी यांनी फाळणीच्या पार्श्वभूमीवरील ‘बुनियाद’ लिहिली आणि १९८६ पासून प्रेक्षक दुसऱ्या एका कुटुंबात रमले. बडकीचे लग्न आणि दादीचे आजारपण हळूहळू आठवणीत जमा झाले. लाखो पत्रांतील मागण्यांचे प्रयोजन मालिकेबरोबरच संपले, कारण त्यांचा पत्ता कथेतील माणसांचा होता.

चंडीगडच्या पत्रातील मजकुराला मात्र अंतिम भागाची मर्यादा नव्हती. सही करणाऱ्या ८९२ जणांनी आपापल्या घरी दिलेला शब्द १७ डिसेंबर १९८५ नंतरही कायम होता. त्यांच्यापैकी ज्यांच्या कुटुंबीयांनी त्या कठीण घडीला नेत्रपेढीला कळविले असेल, त्यांच्या घरी त्या मालिकेचा एक भाग पडद्याबाहेर पूर्ण झाला असेल.